विशेषण खोडा, क्रियापद लिहा : वेगळ्या घडणीच्या मेंदूबरोबर घर आणि ऑफिस

माझं १९८७ सालचं तिसरीचं प्रगतिपुस्तक आईने जपून ठेवलंय. शेऱ्याच्या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, "हुशार आहे, पण वेंधळेपणा फार." २०१५ मध्ये माझा धाकटा तिसरीत होता, तेव्हा त्याच्याही पुस्तकात शेरा आला, "हुशार आहे, पण आळशी." मधल्या २८ वर्षांत गाव बदललं, शाळा बदलली, खडू जाऊन मार्कर आला. तो 'पण' मात्र जागचा हलला नव्हता.

अशा माणसांसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. वेंधळा, धांदरट, घुम्या, एककल्ली, तिरसट, चक्रम, आगाऊ, कामचुकार. प्रत्येक घराण्यात एक तरी 'तसले' काका असतात, लग्नाच्या पंगतीत न बसता मागच्या अंगणात एकटेच फेऱ्या मारणारे. हे सगळे शब्द व्याकरणाच्या एकाच खणातले आहेत. विशेषणं. आणि विशेषण एकदा चिकटलं की पुढचा विचार खुंटतो. मूल 'आळशी' ठरलं की आईबापांच्या हाती रागावण्याखेरीज काही उरत नाही.

म्हणून मी घरात एक नियम केला, आणि पुढे तो ऑफिसातही नेला. विशेषण खोडायचं आणि त्या जागी क्रियापदं लिहायची. "आळशी आहे" खोडून "वही उघडतो, तारीख घालतो, फळ्यावरच्या दोन ओळी उतरवतो आणि मग पेन्सिलीला टोक काढायला उठतो." या दुसऱ्या वाक्याचं काहीतरी करता येतं. दोन ओळींनंतर काय होतं, ते बघता येतं.

मी डोंबिवलीत राहते आणि ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते. मुलाला अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं जड जाणं) आहे हे तो ८ वर्षांचा असताना कळलं. मलाही एडीएचडी आहे हे कळेपर्यंत मी ४१ वर्षांची झाले होते. डॉक्टर किंवा समुपदेशक नाही, त्यामुळे निदान सांगण्याचा मला अधिकार नाही. कुठून सुरुवात करायची आणि कुठे हमखास पाय घसरतो, एवढं सांगू शकते.

आधी शब्दापुरतं

१९९० च्या दशकात ऑटिस्टिक माणसं इंटरनेटवर एकमेकांना भेटू लागली. आपल्याविषयी डॉक्टर आणि पालक काय लिहितात ते वाचून ती कंटाळली होती. त्यांच्या बोलण्यातून 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही कल्पना आकाराला आली आणि १९९८ मध्ये हा शब्द छापून येऊ लागला. म्हणणं एवढंच की सगळ्यांचे मेंदू एका साच्यातले नसतात. लक्ष लागणं, वाचणं, आवाज सोसणं, चारचौघांत मिसळणं यांत माणसामाणसांत फरक असतो. काहींच्या बाबतीत तो इतका ठळक असतो की बहुसंख्यांच्या सोयीने आखलेल्या शाळेत आणि ऑफिसात त्यांना रोज ठेच लागते. चारचौघांत मिसळणं आणि आवाज-स्पर्श सोसणं जड जाणारा ऑटिझम, एडीएचडी, वाचन-लेखनात अडणारे डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया, आकड्यांत अडणारा डिसकॅल्क्युलिया, हातापायांच्या हालचालींचा मेळ न बसणारा डिसप्रॅक्सिया हे त्यात मोडतात. बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकाच माणसात असतात.

ऑटिझमला आपल्याकडे 'स्वमग्नता' म्हणतात. सरकारी कागदावर तोच शब्द येतो, पण मला तो खटकतो. स्वतःत मग्न राहायचं त्या मुलाने ठरवलंय, असा त्याचा सूर आहे. म्हणून मी ऑटिझमच म्हणते.

या विषयात दोन टोकाची माणसं भेटतात. एकाला हा आजार वाटतो आणि तो बरा करून हवा असतो. दुसरा "अशी मुलं म्हणजे देवाची देणगी हो" म्हणत आइनस्टाइनचं नाव घेतो. दुसऱ्याचा मला जास्त राग येतो. माझ्या मुलाच्या अंगात कुठलीही दैवी कला नाही. तो बरं क्रिकेट खेळतो आणि चहा चांगला करतो. त्याला वाचायला त्रास होतो म्हणून त्याने कशात तरी अलौकिक असलंच पाहिजे, हा कुठला न्याय?

पायरी पहिली : दोन आठवडे वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक दोनशेपानी वही घ्या आणि चार रकाने आखा. केव्हा, त्याच्या अगोदर काय चाललं होतं, नेमकं काय घडलं, नंतर काय झालं. रोज दोन-तीन नोंदी पुरेत. तिसऱ्या रकान्यात विशेषण आलं की खोडायचं.

आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते. "मंगळवार, सं. ७.१०. टीव्ही बंद केला, लगेच शुद्धलेखनाला बसवलं. आत कुकर लावलेला. दुसऱ्या शिट्टीला कान झाकले. तिसऱ्या शिट्टीला वही फेकली. मी ओरडले. तो कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसला. ४० मिनिटं."

त्या दिवशी मी या प्रकाराला 'उद्धटपणा' म्हणाले होते. दोन आठवड्यांनी नोंदी एकाखाली एक वाचल्या. वही फेकण्याचे सहा प्रसंग होते, त्यांतले पाच संध्याकाळी ७ ते साडेसातमधले, स्वयंपाकघरातून आवाज येत असताना. शिवाय प्रत्येक वेळी टीव्हीवरून थेट अभ्यासावर उडी होती. सकाळच्या एकाही नोंदीत फेकाफेक नव्हती. आम्ही शुद्धलेखन सकाळी साडेसहाला नेलं आणि वही उडायची थांबली. अक्षर तेवढंच वाईट राहिलं, तो भाग वेगळा.

अशी वही मोठ्या माणसाचीही ठेवता येते. नवऱ्याशी माझी भांडणं कशावरून होतात ते महिनाभर लिहिलं. निम्म्याहून जास्त भांडणांत "मी तुला सांगितलं होतं" हे वाक्य होतं, आणि दर वेळी ते 'सांगणं' मी दुसरं काहीतरी करत असताना झालेलं होतं.

वहीबरोबर कान आणि डोळे तपासून घ्या, अगदी साधी तपासणी. हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असू शकतं. झोप अपुरी असेल, रक्त कमी असेल, थायरॉइडची तक्रार असेल तरी लक्ष उडतं. आधी ते बाजूला पडू द्या.

पायरी दुसरी : तपासणी

लहान मुलासाठी सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून. बोलणं उशिरा येणं, बोटाने वस्तू न दाखवणं, आलेले शब्द गळून जाणं, यांपैकी काही दिसलं तर "मुलगे उशिराच बोलतात" हे नातेवाइकांचं वाक्य ऐकून वर्ष घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अध्ययन अक्षमतेचं निदान मात्र साधारण आठव्या वर्षानंतरच पक्कं करतात, कारण त्याआधी वाचायला शिकण्याचा वेग प्रत्येकाचा निरनिराळा असतो. मुंबईत शीव आणि नायर या पालिका रुग्णालयांत हे काम वर्षानुवर्षं चालतं. एका खेपेत होत नाही, रजा राखून ठेवा. बुद्ध्यांक वेगळ्या दिवशी, वाचन-लेखन-गणित वेगळ्या दिवशी, असं असतं.

जाताना वही, प्रगतिपुस्तकं, मुलाच्या भरलेल्या जुन्या वह्या आणि शाळेचं पत्र न्या. मूल मराठी माध्यमात शिकत असेल तर चाचणी मराठीत होणार आहे ना, हे आधी विचारा. इंग्रजी उताऱ्यावर अडखळणारं मूल फक्त इंग्रजीत कच्चं असू शकतं.

मोठ्या माणसाने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे बघतात. त्यासाठी जुनी प्रगतिपुस्तकं, आईची आठवण, भावंडांच्या चेष्टा असं काहीही चालतं. माझ्या निदानात १९८७ च्या त्या शेऱ्याचा उपयोग झाला, म्हणजे बाईंनी चुकून का होईना, पुरावाच लिहून ठेवला होता. मुलींचं हे सहसा राहून जातं. वर्गात उड्या मारणारा मुलगा बाईंच्या डोळ्यांवर येतो, खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत निदान करणाऱ्या चाचण्या करमणूक म्हणून ठीक.

औषधाविषयी एवढंच. एडीएचडीत मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने अनेकांचं लक्ष टिकतं, भूक आणि झोपेवर परिणाम होऊ शकतो, आणि त्याने शुद्धलेखन सुधारत नाही. घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, सोसायटीच्या ग्रुपवर विचारून नको. ऑटिझम वा डिसलेक्सिया 'सहा महिन्यांत मुळापासून बरा' करणाऱ्या जाहिरातींपासून पैशाचं पाकीट लांब ठेवा. स्टेम सेलच्या नावाने ऑटिझमसाठी लाखो रुपये मागणारेही त्यातच आले, त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

पायरी तिसरी : मराठीत नेमकं कुठे अडतं ते बघा

हा भाग मला कुणी सांगितला नव्हता, मुलाच्या वह्यांतून शिकले. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते म्हणून मराठीत डिसलेक्सिया नसतोच, असं काही शिक्षकही म्हणतात. असतो, फक्त वेगळ्या जागी दिसतो. इंग्रजीत स्पेलिंगमध्ये दिसतो, मराठीत काना-मात्रा-वेलांटीत आणि जोडाक्षरांत. 'दिवस' म्हणताना आधी 'द' ऐकू येतो आणि मग 'इ'. लिहिताना मात्र पहिली वेलांटी 'द'च्या आधी येऊन उभी राहते. 'सूर्य'मधला अर्धा र 'य'च्या आधी ऐकू येतो आणि कागदावर 'य'च्या डोक्यावर चढतो. घ-ध, भ-म, थ-य ही तर जुळी भावंडं. माझ्या मुलाने पाचवीत असताना 'धर' लिहून 'घर' वाचलं, आणि दोन्ही वेळा ते त्याला बरोबर वाटलं.

आकडे त्याहून अवघड. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, आणि लिहायचं असतं दोनावर पाच. तो ऐकल्या क्रमाने लिहायचा, ५२. 'एकोणतीस' तर विचारूच नका, कानावर 'तीस' पडतं आणि लिहायचे २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा घरोघरी विनोदांना ऊत आला होता. मीही दोन-चार पुढे पाठवले असते, पण तोवर आमच्या घरात त्याच युक्तीवर दोन वर्षं काढून झाली होती. मी दुकानाची यादी सांगताना अजूनही "साठ पाच रुपये, म्हणजे पासष्ट" असं दोन्ही म्हणते. वाणी हसतो, पण हिशेब चुकत नाही.

तुमच्या मुलाच्या वहीत लाल रेघा मोजू नका, त्यांचे गट करा. मात्रा गळतात का, जोडाक्षरं फुटतात का, फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते का? गट कळला की मदत ठरवता येते. ओळ सुटणाऱ्याला पट्टी ठेवून वाचू द्या. मात्रा गळणाऱ्याला शब्द टाळी देत अक्षराअक्षराने फोडायला लावा. फळा नको असलेल्याला शेजारच्याच्या वहीचा फोटो.

पायरी चौथी : घराची मांडणी

घरात माणसं बदलण्याआधी वस्तूंच्या जागा बदला, ते सोपं असतं. आमच्या दारामागे खिळ्याला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा टांगलेला आहे. किल्ल्या, पास, चष्मा, सहीला आलेले कागद, सगळं त्यात. किल्ली आत टाकली की टण्ण वाजते. त्या आवाजाने मला कळतं की मी ती ठेवली, हातातून कुठेतरी गेली नाही.

बाकीच्या गोष्टी झपाट्याने सांगते. एका वेळी एकच काम सांगा. "आंघोळ कर, दप्तर भर आणि येताना दूध आण" यातलं दूधच येतं, कारण ते शेवटी होतं. "पाच मिनिटांत ऊठ" हे ज्याला वेळ जाणवतच नाही त्याच्यासाठी निरर्थक आहे, समोर काट्यांचं घड्याळ ठेवून "मोठा काटा सहावर आला की" म्हणा. कपड्यांची मानेवरची पट्टी कापून टाका. भेंडीच्या बुळबुळीतपणाने ओकारी येत असेल तर ती नखरेबाजी नव्हे, दुसरी भाजी करा.

हट्ट आणि उद्रेक यांतला फरक ओळखायला शिका, कारण दोन्हींवरचे उपाय उलट आहेत. हट्टाला प्रेक्षक लागतात आणि हवी ती वस्तू मिळाली की तो थांबतो. आवाज, उजेड, गर्दी सहन होण्यापलीकडे गेली की जो उद्रेक होतो, तो चॉकलेट दिल्याने थांबत नाही, कारण त्या वेळी मुलालाही तो थांबवता येत नाही. अशा वेळी समजावू नका, प्रश्न विचारू नका. गर्दी हटवा, दिवा मंद करा, जवळपास गप्प बसून राहा. शिकवणी दुसऱ्या दिवशी.

सणवार आणि लग्नकार्य ही खरी परीक्षा. ढोल-ताशे, हळदीचा डीजे, अनोळखी बायकांचे गालगुच्चे. आम्ही तीन गोष्टी ठरवून जातो. किती वाजता निघायचं हे आधी सांगितलेलं असतं आणि पाळलं जातं. कार्यालयात पोचल्या पोचल्या एक शांत जागा हेरायची, बहुतेक वेळा ती वधूपक्षाच्या खोलीमागची गॅलरी असते. कानांवर लावायचे हेडफोन पिशवीत. आणि "पाया पड" याऐवजी लांबून नमस्कार चालेल, हे मोठ्यांना मीच आधी फोन करून सांगते. दोघे-तिघे रुसले. एक आत्या म्हणाल्या, "मलाही कुणी अंगाला हात लावलेला खपायचा नाही गं, पण आम्हाला कोण विचारणार?" त्यानंतर त्या लग्नात त्या आणि माझा मुलगा गॅलरीत बसून जिलबी खात होते.

सासूबाईंना 'न्यूरो' वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही डावखुऱ्या. लहानपणी तुमच्या डाव्या हातावर पट्टी मारायचे ना?" त्यांनी पदर सावरला आणि त्या गप्प झाल्या. पुढे त्याला सकाळी साडेसहाला उठवून शुद्धलेखनाला बसवायचं काम त्यांनीच घेतलं.

घरात दुसरं मूल असेल तर त्याला विसरू नका. माझी थोरली एकदा म्हणाली, "मला पण काहीतरी असायला हवं होतं, म्हणजे तू माझी पण वही ठेवली असतीस." दर रविवारी सकाळचे दोन तास आता तिचे आहेत.

ज्यांच्या घरात मूल बोलत नाही, कायम सोबत लागते, त्यांच्यापुढे डबा आणि काट्यांचं घड्याळ ही फार किरकोळ उत्तरं आहेत, याची मला जाणीव आहे. तिथे चित्रांचे तक्ते किंवा बोलणारं ॲप वापरून संवाद सुरू करता येतो. त्याने बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १८ वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची सोय आहे, आणि 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा. आणि पालकांनो, तुमचाच तोल जाऊ लागला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

पायरी पाचवी : शाळेशी बोलणं

तक्रारीच्या सुरात गेलात तर शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते. एक पान लिहून न्या. वर दोन ओळींत निदान, खाली मुलाला काय जमतं, काय अडतं आणि आम्हाला कोणते तीन बदल हवेत. तीनच. माझे होते : पहिल्या बाकावर जागा, वर्गात सर्वांसमोर मोठ्याने वाचायला न लावणं, आणि उत्तर बरोबर असेल तर शुद्धलेखनाचे गुण न कापणं. दुसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची निघाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे त्या यादीत नाही, हे बऱ्याच पालकांना अर्ज भरताना कळतं. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मागता येतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ तासामागे किमान २० मिनिटं आहे. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून कागद नववीतच जमवा, दहावीच्या जानेवारीत पळापळ नको. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं ही अट पुढे करून कुणी लेखनिक नाकारत असेल तर 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' हा फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला ४० टक्के नसतानाही लेखनिकाचा हक्क आहे, असं त्यात म्हटलंय.

पायरी सहावी : ऑफिस, दोन्ही बाजूंनी

मागे एका नोकरीत माझ्या वार्षिक मूल्यमापनात लिहिलं होतं, "टीममध्ये मिसळत नाही, गंभीर नाही." पुन्हा विशेषणंच. मी साहेबांना विचारलं, गंभीर नाही म्हणजे मी काय केलं? त्यांना एकच गोष्ट सांगता आली. मीटिंगमध्ये मी कागदावर चौकोन काढत बसते. चौकोन काढले नाहीत तर मला त्यांचं बोलणं ऐकूच येत नाही, हे सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही.

निदान ऑफिसात सांगावं का? माझं मत असं की आधी बदल मागा, नाव नंतर. बदल मिळाला तर नाव सांगायची गरज बहुधा पडत नाही. मी साहेबांना पाठवलेला मेसेज असा होता : "सर, तोंडी सांगितलेल्या कामांपैकी एखादं माझ्याकडून सुटतं. मीटिंग झाल्यावर मी कामांची यादी तुम्हाला पाठवत जाईन. काही राहिलं असेल तर तेवढं जोडाल का?" यात कुठेही एडीएचडी नाही. याचा फायदा सगळ्या टीमला झाला, कारण साहेब स्वतःच काय सांगितलं ते विसरत असत. बदल नाकारला गेला किंवा नोकरीवर गदा येऊ लागली, तर मात्र कागद पुढे करावा लागतो. २०१६ च्या कायद्यात 'समुचित सोय', म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे करायचे वाजवी बदल, ही कल्पना आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असं कलम २१ सांगतं. तुमच्या कंपनीचं आहे का, ते एचआरला विचारून बघा. चेहरे बघण्यासारखे होतात. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता मिळून १ टक्का आहे.

आता मीच चौघांची वरिष्ठ आहे, आणि खुर्चीच्या या बाजूने दिसलेली एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी एक नवा मुलगा आला. ऑटिझम आहे हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. महिनाअखेरीला मी त्याला खरेदीची नोंदवही आणि जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा तक्ता) देऊन म्हटलं, "हे जरा बघून घे." संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "बघितलं मॅडम. तीन बिलं जुळत नाहीत."

"मग पुरवठादारांना कळवलं का?"

"तुम्ही बघायला सांगितलं होतं."

मी चिडले, आणि मग घरची वही आठवली. खरंच, मी काय सांगितलं होतं? 'जरा बघून घे' यात किती गोष्टी गृहीत होत्या! आता मी लिहून देते : जुळवायचं, न जुळणाऱ्या बिलांची यादी करायची, बुधवारी ४ वाजेपर्यंत मला पाठवायची. पुरवठादारांना फोन करणं त्याला जड जातं. ते दुसरी मुलगी करते आणि तिचं फाइलिंग तो करतो. डेमियन मिल्टन हे ब्रिटनमधले अभ्यासक, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की इथे न समजणं दोन्ही बाजूंचं असतं. ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत, तसा बाकीच्यांनाही तो कळत नाही. फक्त 'कमतरता' एकाच्याच नावावर लिहिली जाते. त्या महिनाअखेरीला कमतरता माझ्या वाक्यात होती.

वरिष्ठ असाल तर आणखी थोडं. 'लवकरात लवकर' ही तारीख नाही. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा. मुलाखतीत उमेदवार नजर टाळतो म्हणून तो खोटं बोलतोय असं धरू नका, दहा मिनिटं काम देऊन बघा. बसायची जागा वाट्याला येईल ती न देता विचारून द्या, ट्यूबलाइटचं फडफडणं आणि प्रिंटरची घरघर एखाद्याचा दिवस खाऊन टाकते. आणि एकाला दिलेली सोय दुसऱ्यालाही हवी असेल तर द्या, म्हणजे "त्याचेच लाड" ही कुजबुज होत नाही.

अजून न सुटलेलं

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. माझा मुलगा आता १८ चा झालाय. आजवर त्याचे कागद मी सांभाळले, रांगेत मी उभी राहिले, शाळेशी मी बोलले. आता जायचं की नाही हे त्याने ठरवायचं आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी अर्जात 'दिव्यांग' या चौकोनात खूण करावी लागते. तो म्हणतो, मला जादा वेळ हवाय, चौकोन नकोय. मी म्हटलं, नुसतं हट्टी होऊन चालत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खोड ते."

खोडलं. मग त्याने सांगितलं की नववीत लेखनिकाबरोबर वेगळ्या खोलीत बसायचा तेव्हा मधल्या सुटीत त्याला मित्र काय म्हणायचे. ते मला चार वर्षं माहीत नव्हतं, वहीतही नव्हतं.

फॉर्म अर्धा भरून पत्र्याच्या डब्यात पडलाय. शेवटची तारीख शुक्रवार आहे.